गोव्यात प्रीकास्टची मोठी व्यावसायिक इमारत: कुणी जवळून पाहिलंय का?

ताळगावकर | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवाय. कदंब पठारावर आमची घरची जागा आहे. तिथे व्यावसायिक इमारत उभी करायचं चाललंय: तळघरात पार्किंग, तळमजल्यावर आणि पहिल्यावर शोरूम, वर चार मजले ऑफिसं. आर्किटेक्टचे नकाशे नेहमीच्या पद्धतीचे, म्हणजे सेंटरिंग लावा, सळई बांधा, जागेवर ओता. तेवढ्यात आमचे मेव्हणे पुण्याला एक साइट बघून आले. तिथे खांब, तुळया, स्लॅब सगळं कारखान्यातून तयार येतं आणि क्रेनने बसवतात म्हणे, यालाच प्रीकास्ट म्हणतात. आल्यापासून त्यांचा एकच धोशा, आपणही असंच करू, पावसाळ्यात काम अडणार नाही.

एका प्रीकास्ट कंपनीकडून दर मागवला. कारखाना बेळगावच्या पलीकडे. नुसत्या स्लॅबचा आकडा बघितला तर आमच्या ठेकेदारापेक्षा चांगलाच वर आहे. कंपनीचा माणूस म्हणतो, दर बघू नका, वेळ बघा. ठेकेदार म्हणतो, गोव्याच्या पावसात असली इमारत गळल्याशिवाय राहायची नाही. दोघंही आपापला माल विकतायत एवढं समजतं, पण त्यातलं खरं किती ते समजत नाही. कर्ज बँकेचं आहे, त्यामुळे वेळेचा मुद्दा सोडूनही देता येत नाही.

ज्यांनी हे काम हाताळलंय त्यांनी लिहा. यूट्यूबचे व्हिडिओ सगळे बघून झालेत.


फोंडेकर | सोमवार, रात्री १०:०५

वाचतोय. आमच्याही डोक्यात आहे, फक्त गोदामासाठी.


सळई_आणि_शाई | सोमवार, रात्री ११:२०

ताळगावकर साहेब, नकाशे जागेवर ओतायच्या पद्धतीचे आहेत असं तुम्ही लिहिलंय, तिथेच मी थबकलो. त्याच नकाशांवर प्रीकास्टचा दर मागवला असेल तर तो महागच येणार. जागेवर ओतताना आर्किटेक्टला मोकळीक असते: इथे खांब थोडा सरकव, तिथे तुळई तिरकी घे, एका कोपऱ्यात बाल्कनी काढ. सुतार फळ्या कापून सगळं जमवून घेतो. कारखान्यात प्रत्येक वेगळ्या मापाला वेगळा साचा लागतो आणि साच्याचा खर्च त्यातून किती नग निघतात त्यावर वाटला जातो. एका साच्यातून साठ खांब काढलेत तर तो खर्च जाणवत नाही, चार काढलेत तर तेच चार खांब घरच्या लग्नासारखे महाग पडतात.

ऑफिस आणि पार्किंगला हे जमतं, कारण खांबांची रांग एकसारखी ठेवता येते. दोन खांबांमधले साधारण आठ-साडेआठ मीटरचे गाळे धरा. त्यावर होलोकोर स्लॅब येतो: १.२ मीटर रुंदीची लांबलचक फळी, आत पोकळ नळ्या, खालच्या बाजूला ताणलेल्या तारा. २०० मिलिमीटर जाडीची आठ मीटरची एक फळी अडीच-पावणेतीन टन भरते. ६०० बाय ६०० चा दोन मजली उंचीचा खांब सात टनांच्या वर जातो. हे आकडे मुद्दाम देतोय. तुमच्या साइटवर क्रेन कुठे उभी राहणार आणि तिथून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ती किती वजन उचलणार, यावरून तुकड्यांची मापं ठरतात. आधी नकाशा आणि मग क्रेन असं केलंत तर नकाशा पुन्हा काढावा लागतो.

आणखी एक, होलोकोरच्या फळीत रिंगा नसतात, वरच्या बाजूला सळईही बहुतेक नसते. त्यामुळे बाहेर झेपावणारी बाल्कनी किंवा एका जागी खूप वजन (शोरूममधली तिजोरी, छतावरचा चिलर) तिच्यावर टाकता येत नाही. असे भाग आधी सांगायचे, तिथे वेगळी सोय करता येते.


वास्को_क्रेन | मंगळवार, सकाळी ७:५०

क्रेनचं वर आलंच आहे, मी रस्त्याचं सांगतो. ट्रेलरवरचा माल २.६ मीटर रुंदीच्या आत असेल तर साधी वाहतूक. त्यापेक्षा रुंद गेलात की ओडीसी (मापाबाहेरचा माल), म्हणजे परवानगी, पुढे-मागे गाडी, ठरावीक वेळ. होलोकोर १.२ मीटरची, दोन शेजारी शेजारी बसतात, म्हणून ती सुखाने येते. भिंतीचे मोठे पॅनल घाटातून आणायचं स्वप्न बघू नका.

बेळगावकडून येणार म्हणजे अनमोड घाट. चोर्ल्याच्या घाटात लांब ट्रेलर वळणावर अडकला की दोन्ही राज्यांची गाडी तुंबते. अनमोडलाही पावसात दरड किंवा रस्ता खचणं होतं आणि अवजड गाड्या थांबवतात. मेव्हण्यांचं 'पावसाळ्यात काम अडणार नाही' हे साइटपुरतं बरोबर, घाटाला ते कुणी कळवलेलं नाही. एप्रिल-मे मध्ये माल आणून साठवायचा म्हटलं तर जागा लागते, आणि साठवताना खाली लाकडी ठोकळे नेमके कुठे ठेवायचे ते ठरलेलं असतं. फळीच्या मध्ये ठोकळा सरकवलात तर वरच्या अंगाला चीर पडते, मग ती फळी परत.

ट्रेलर ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने नग बसले पाहिजेत. एक चुकीचा तुकडा वर आला की क्रेन, गँग आणि मागचे तीन ट्रेलर चहा पीत बसतात.


जुना_म्हापसेकर | मंगळवार, सकाळी ९:१५

मी निवृत्त माणूस, नव्याला विरोध करायचा म्हणून करत नाही. पण थोडा इतिहास. लंडनची रोनन पॉइंट इमारत, २२ मजली, मोठमोठ्या प्रीकास्ट पॅनलची. १६ मे १९६८ ला अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. तसा लहानच स्फोट, पण भिंतीचं एक पॅनल बाहेर फेकलं गेलं आणि पत्त्यांसारखा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत उतरला. चार माणसं गेली. पुढे १९८६ मध्ये ती इमारत सोडवून पाडली तेव्हा कळलं की सांधे नीट भरलेलेच नव्हते.

२००१ च्या भूकंपात गुजरातेत शाळांच्या प्रीकास्ट खोल्या पडल्या. छताच्या फळ्या भिंतीला आणि एकमेकींना धड बांधलेल्या नव्हत्या.

आणि लांब कशाला? मांडवीवरचा आपला पहिला पूल १९७० मध्ये खुला झाला आणि ५ जुलै १९८६ ला पडला. त्याच्या काँक्रीटमधल्या ताणलेल्या तारा गंजण्याची चर्चा आम्ही तेव्हा कित्येक महिने ऐकली. पणजीहून बेतीला पुन्हा फेरीने जावं लागायचं ते दिवस ज्यांनी काढले त्यांना 'ताणलेल्या तारा' म्हटलं की पोटात गोळा येतो. खारी हवा काही बदललेली नाही.


सळई_आणि_शाई | मंगळवार, दुपारी १:३०

म्हापसेकर काका, तिन्ही उदाहरणं बरोबर आहेत आणि तिन्हींचं मूळ सांध्यात किंवा गंजात आहे, तुकड्याच्या काँक्रीटमध्ये नाही. याला उलटी बाजूही आहे. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात लेनिनाकान शहरातल्या नऊ मजली प्रीकास्ट चौकटीच्या इमारती कोसळल्या, पण त्याच शहरातल्या मोठ्या पॅनलच्या इमारती उभ्या राहिल्या. दोन्ही प्रीकास्टच. पॅनलच्या इमारतीत भिंतीच भिंती असतात, धक्का वाटून घेतला जातो. चौकटीत सगळा भार खांब-तुळईच्या सांध्यावर येतो आणि तो कच्चा असेल तर संपलं.

२०१६ च्या आयएस १८९३ (भूकंपाचं भारतीय मानक) प्रमाणे गोवा भूकंपाच्या झोन ३ मध्ये येतो. म्हणजे सांध्याचा हिशोब गंभीरपणे करायलाच हवा. प्रीकास्टसाठी आयएस १५९१६ आहे, २०२० मध्ये सुधारलेलं. ताळगावकर, कंपनीला एवढंच विचारा: प्रत्येक मजल्याला चारी बाजूंनी आणि आडवी-उभी बांधणीची सळई कुठून कुठे जाते, ते कागदावर दाखवा. एक खांब काढून टाकला तर वरचा मजला कशावर टांगून राहील, तेही दाखवा. रोनन पॉइंटनंतर जगभर हाच प्रश्न विचारला जातो. उत्तर गोलमोल आलं तर चहा पाजून निरोप द्या.

खाऱ्या हवेचं: आयएस ४५६ (काँक्रीटचं मानक) किनारपट्टीच्या हवेला 'सिव्हिअर' धरतं. काँक्रीटची प्रत किमान एम ३०, पाण्याचं प्रमाण सिमेंटच्या ०.४५ पेक्षा जास्त नको, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर (काँक्रीटचा थर), एम ३५ किंवा वर गेलात तर ५ मिलिमीटरची सूट. कारखान्यात हे पाळणं सोपं असतं. आपल्या साइटवर कव्हर ब्लॉक म्हणून खडी आणि फुटक्या लादीचे तुकडे लावलेले मी अजून बघतो. होलोकोरमध्ये तारा कापलेली टोकं मात्र उघडी राहतात. ती इपॉक्सीने बंद केली का हे नग उतरवतानाच बघायचं, बसल्यावर दिसत नाहीत.


चौकट | मंगळवार, रात्री ८:४५

मी साइट इंजिनियर. दोन प्रीकास्ट कामांवर होते, एक गोव्याबाहेर, एक गोव्यात. नावं विचारू नका. कागदावर कमी असतं आणि साइटवर जास्त लागतं, असं काही लिहिते.

खांबावर खांब बसतो तेव्हा खालच्या खांबातून वर आलेल्या सळया वरच्या खांबाच्या बुडाशी असलेल्या पोकळ नळकांड्यांत, म्हणजे स्लीव्हमध्ये जातात. मग खालच्या भोकातून ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) पंपाने दाबायचं. वरच्या भोकातून ते सलग, बुडबुड्याशिवाय बाहेर आलं की बूच मारायचं. ऐकायला सोपं. बुडाशी जी मोर्टारची सीलिंगची पट्टी असते ती एका कोपऱ्यात जरा कच्ची राहिली की ग्राउट हळूहळू तिथून उतरतं. बूच मारलेलं असतं, बाहेरून सगळं ठीक दिसतं, आत स्लीव्ह अर्धी रिकामी. म्हणून आम्ही दर खांबाला थोड्या वेळाने एक बूच काढून तार घालून बघायचो. मे महिन्यात खांब उन्हात तापलेला असतो, ग्राउट बघता बघता घट्ट होतं, मग मिसळायला बर्फाचं पाणी आणि काम सकाळी लवकर. त्या ग्राउटचे ठोकळे चाचणीला पाठवायचे, तेही रोज. हे करणारी गँग वेगळी, शिकवलेली हवी. सेंटरिंगवाल्या पोरांच्या हातात पंप दिला तर ती वरून हाताने ग्राउट ओततात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता गळतीचं. ठेकेदार म्हणतो तशी गळती होते, पण कारण भलतंच असतं. होलोकोरच्या नळ्या बांधकामाच्या काळात उघड्या असतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. टोकांतून, कापलेल्या भोकांतून पाणी नळ्यांत शिरतं आणि तिथेच बसतं. वर टॉपिंग (जागेवर ओतलेला काँक्रीटचा थर) होतं, लादी बसते, भाडेकरू येतो. डिसेंबरात, आभाळ कोरडं ठणठणीत असताना, ऑफिसच्या छतातून टिपटिप सुरू. वरच्या मजल्यावरच्या संडासाला शिव्या बसतात, लादी फोडतात, पाइप बदलतात, टिपटिप चालूच. पाणी मागच्या जुलैचं असतं! उपाय फार स्वस्त आहे: प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांजवळ खालून बारीक भोक. काही कारखाने पाडूनच पाठवतात, पण साइटवर ती सिमेंटच्या रबडीने बुजतात. पाऊस संपला की एका माणसाने शिडी आणि ड्रिल घेऊन प्रत्येक भोक उघडायचं. आमच्या इथे ते कोणी करायचं यावर ठेकेदार आणि प्रीकास्टवाले भांडत बसले, कारण करारात कोणाच्याच नावावर नव्हतं.


फोंडेकर | मंगळवार, रात्री ९:१०

ताई, हे नळीतल्या पाण्याचं सोन्यासारखं सांगितलंत. देव बरें करूं.


हिशोबनीस_मडगाव | बुधवार, सकाळी १०:२५

बांधकामातलं मला फार कळत नाही, पैशाचं सांगतो. समजा ४० कोटी कर्ज, १० टक्के व्याज. पूर्ण उचललं की महिन्याला ३३ लाखांच्या आसपास व्याज. इमारत चार महिने आधी भाड्याने गेली तर सव्वा कोटीहून जास्त वाचतात आणि भाडं सुरू होतं ते वेगळं. कंपनीचा माणूस हेच गणित मांडत असणार.

तो न सांगणारी बाजू ही. बँक हप्ते सोडते स्लॅब पडतील तसे. प्रीकास्टवाला पैसे मागतो साचे बनवताना आणि कारखान्यात माल तयार झाल्यावर. तेव्हा तुमच्या जागेवर नुसता खड्डा असतो. बँकेचा व्हॅल्युअर कदंब पठारावर येऊन म्हणणार, काम कुठाय? माल घाटापलीकडे दुसऱ्याच्या आवारात. म्हणजे तेवढा काळ स्वतःच्या खिशातून. करार करण्याआधी बँकेकडून लेखी घ्या की कारखान्यातल्या तयार मालावर किती टक्के सोडणार, आणि त्या मालाचा विमा कोणाच्या नावे.


जुना_म्हापसेकर | बुधवार, सकाळी ११:००

हे पटलं. आणि चार महिने वाचणार कधी? परवाने वेळेवर आले तर. खोदायला सुरुवात करायच्या आधीच वर्ष जातं, त्याला कुठली क्रेन नाही.


मुग्धा_आर्कि | बुधवार, सायंकाळी ५:४०

म्हापसेकर काकांना पूर्ण अनुमोदन, शेवटच्या वाक्यासाठी.

दर्शनी भागाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बाहेरच्या भिंती प्रीकास्ट पॅनलच्या केल्या तर दोन पॅनलमधल्या सांध्यावर सगळा खेळ. नुसतं बाहेरून सीलंट भरलं तर नैऋत्येचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, ऊन सीलंट खातं आणि काही वर्षांत ते कडेने सुटतं. सांधा दोन टप्प्यांचा हवा: बाहेर एक अडथळा, मागे पोकळी, आत दुसरं सील, आणि पोकळीत शिरलेलं पाणी दर मजल्याला बाहेर पडायला वाट. बरेच जण ती वाट 'दिसायला वाईट' म्हणून बुजवतात. काँक्रीटचा उघडा पृष्ठभाग आपल्याकडे पहिल्या पावसात हिरवा आणि नंतर काळा होतो, तेही लक्षात घ्या. मला विचाराल तर या आकाराच्या इमारतीला बाहेरून पॅनल नकोच. खोल छज्जे, आत चिऱ्याची किंवा ब्लॉकची भिंत. चिरा इथेच मिळतो आणि तो लावणारे गवंडीही.

सगळंच प्रीकास्ट किंवा काहीच नाही असा हट्ट कशाला? तळघराच्या भिंती, लिफ्ट आणि जिन्याचा गाभा, संडासांची पट्टी जागेवर ओता. पाण्याशी संबंध असलेलं सगळं एकसंध राहतं आणि भूकंपाचा आडवा धक्का तो गाभा घेतो. खांबही जागेवर चालतील, म्हणजे वरच्या स्लीव्हची अर्धी कटकट गेली. ऑफिस आणि पार्किंगच्या मोकळ्या गाळ्यांवर फक्त फळ्या आणून टाका, वर जाळीचं टॉपिंग. सेंटरिंगचा सगळ्यात मोठा पसारा तिथेच असतो, तो वाचतो. तुळईचा खालचा अर्धा भाग प्रीकास्ट घेतला तर आणखी बरं.


वास्को_क्रेन | बुधवार, सायंकाळी ६:१५

+१. आणि सगळे नग तीन टनांच्या आत राहिले की क्रेनही लहान लागते. सात टनांच्या खांबासाठी मोठी क्रेन महिनोन्‌महिने उभी ठेवायची, तिचं भाडं कुणी दरात दाखवत नाही.


सळई_आणि_शाई | बुधवार, रात्री १०:००

मुग्धाताईंशी सहमत, एक भर. शेजारच्या दोन फळ्यांची मधली फुगवटी कधीच तंतोतंत सारखी नसते, काही मिलिमीटरचा फरक राहतो. टॉपिंग कडेला ७५ धरलंत तर मध्यात ते कमी भरेल. ऑफिसच्या खाली उघडं छत ठेवायची फॅशन आहे, तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो. फॉल्स सीलिंग असेल तर प्रश्न नाही.

आणि एसीवाल्याला आवरा. फळीत भोक पाडायचं तर नळीच्या मधोमध. दोन नळ्यांच्या मधल्या भरीव भागात तारा असतात. एका ठिकाणी एसीच्या माणसाने पाइप सरळ जावा म्हणून कोअर कटरने सलग तीन फळ्यांच्या तारा कापलेल्या मी पाहिल्यात. खालून लोखंडी तुळई टाकून सावरावं लागलं.


ताळगावकर | गुरुवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. आज आर्किटेक्टकडे बसलो होतो. त्यांना मुग्धाताईंची पोस्ट वाचून दाखवली, त्यांनी मान डोलावली आणि फी वाढवून मागितली. गाळे ८.४ मीटरचे एकसारखे करतायत. बाल्कन्या गेल्या, मेव्हण्यांना वाईट वाटलं. खांब, गाभा, तळघर जागेवर. मजल्याच्या फळ्या बाहेरून. दर पुन्हा मागवतोय, या नव्या नकाशांवर. बँकेत सोमवारी जाणार.

एक शंका राहिली. फळ्यांचं डिझाइन कंपनी करणार, बाकी इमारतीचं आमचा स्ट्रक्चरल इंजिनियर. उद्या काही झालं तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. सही कोणाची घ्यायची?


सळई_आणि_शाई | गुरुवार, रात्री १०:४५

दोघांची, पण जबाबदारी एकाची. तुमच्या इंजिनियरने पूर्ण इमारतीचं डिझाइन आपलं म्हणून सही करायची. कंपनीच्या फळ्यांची गणितं आणि बनवायचे नकाशे त्याने तपासून मंजूर करायचे, त्याशिवाय एकही नग ओतला जाता कामा नये. तो या तपासणीचे वेगळे पैसे मागेल, द्या. फळी तुळईवर किती मिलिमीटर टेकते आणि तिथली बांधणीची सळई कोण पुरवणार, या दोन गोष्टी करारात आकड्यांसह लिहून घ्या, कारण दोघांची हद्द तिथेच मिळते.

भोकांची यादीही ओतण्याआधी पक्की करा: प्लंबिंग, वायरिंग, एसी, फायर, प्रत्येकाची जागा आणि माप. त्या तारखेनंतर भोक हवं असेल तर अर्ज तुमच्या इंजिनियरकडे.


चौकट | गुरुवार, रात्री ११:०५

आणि नळ्यांतलं पाणी काढायचं काम कोणाचं, ते याच करारात. 'ऑक्टोबरमध्ये, प्रत्येक नळी, दोन्ही टोकं' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'आवश्यकतेनुसार' लिहिलंत तर कुणी शिडी लावणार नाही.